सहावा फर्मा

रजईला ऊन दाखवायचे दिवस पुन्हा आले. परवाच्या रविवारी नोएडाहून मेट्रोने द्वारकेला बाबांकडे गेले, तर बाल्कनीच्या कठड्यावर त्यांची जुनी रजई पसरलेली. ऊन मुळात नव्हतंच. हल्ली दिल्लीचं थंडीतलं आकाश राख फासून ठेवलेल्या परातीसारखं दिसतं, आणि त्यातून जो काही फिकट उजेड झिरपतो त्यालाच आम्ही ऊन म्हणतो. पण ट्रंकेतून निघालेली रजई आधी बाहेर टाकायची, मगच पांघरायची, हा बाबांचा नियम आहे आणि तो प्रदूषणाला विचारून बदलत नाही. मी रजईत नाक खुपसलं. डांबरगोळ्यांचा वास आला, जुन्या कापसाचा आला, आणि कशी कोण जाणे, पायाखाली शेंगांची टरफलं मोडल्याचा आवाजही आला.

बाबा आतून म्हणाले, "आलीस? मग, गेले का आणायला?"

मी म्हटलं, "अजून वाचतेय, बाबा."

हे साफ खोटं होतं. पुस्तक मी केव्हाच संपवलं होतं, जाता-येता मेट्रोत, उभ्याउभ्या. शेवटचं पान वाचून झालं तेव्हा माझं स्टेशन मागे गेलेलं होतं आणि मला त्याचंही काही वाटलं नव्हतं. पण बाबांना आता छापील अक्षर दिसत नाही. मी सांगेन तेवढंच त्यांना कळणार, आणि मला ते सांगवत नव्हतं.

आणायचं होतं ते डॉक्टर नलिनीला. ही बाई आमच्या नात्यातली नाही, ओळखीतली नाही, खरीसुद्धा नाही. 'पुनर्वसू' नावाचं एक अवकाशयान पृथ्वीवरून निघतं आणि पुस्तकामागून पुस्तक पुढेच जात राहतं, अशी एक मराठी विज्ञानकथांची मालिका माझ्या लहानपणी सुरू झाली. यानाचे कप्तान होते सबनीस. अवकाशातल्या कप्तानाचं आडनाव सबनीस असावं यात आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही, कारण बाबांच्या ऑफिसात एक सेक्शन ऑफिसर सबनीस होते आणि तेही असेच कमी बोलायचे. नलिनी यानावरची डॉक्टर. चौथ्या भागात एका बर्फाळ उपग्रहावरच्या तळावर साथ येते, यानाला निघणं भाग असतं, आणि नलिनी आजारी माणसांपाशी मागे राहते. तेव्हापासून आम्ही तिला कोणीतरी आणायला जाण्याची वाट पाहत होतो. ही वाट पाहण्यातच मी शाळेतून कॉलेजात गेले, नोकरीला लागले, माझ्या केसांत पांढरं आलं. आई गेली. शेजारचे गायकवाड काका गेले. मग, बारा-चौदा वर्षं एक ओळही न लिहिलेल्या लेखकमहाशयांनी या दिवाळीत एकाएकी नववा आणि शेवटचा भाग आणला.

माझं लहानपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. ते क्वार्टर आता पाडले आहेत, तिथे उंच इमारती झाल्या. मी मुद्दाम बघायला गेले नाही. बाजारात मुलीबरोबर जाते, दीडशे रुपयांच्या स्वेटरसाठी घासाघीस करते, आणि आमची गल्ली जिकडे होती तिकडे पाठ करून उभी राहते. दोनमजली घरं होती, वर सामायिक गच्ची. थंडीतल्या रविवारी सगळी वस्ती त्या गच्च्यांवर चढायची. खाली घरात हात गारठून पेन धरवायचं नाही आणि वर अंगातला स्वेटर काढावा लागायचा, असं ते ऊन होतं. पंजाबी काकवा लोकर घेऊन बसायच्या, कोणी मोहरीची भाजी निवडायचं, कोणी नुसतंच चटईवर पालथं पडायचं. शेंगा, रेवड्या, पेरूच्या फोडींवर काळं मीठ. संत्र्याच्या सालीचा फवारा धाकट्या भावंडांच्या डोळ्यांत मारायचा आणि ओरडा खायचा. चार वाजता ऊन एकदम उतरायचं, आणि मग चटया गुंडाळत खाली पळायचं.

त्या गच्चीवर 'पुनर्वसू' वाचलं जायचं. आमच्या आसपास चार-पाच मराठी घरं होती आणि पुस्तक एकच. बाकीचे सगळे उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रात जायचे, पण नवा भाग निघायचा दिवाळीच्या सुमाराला. थंडीत गावाकडे जाणारे फक्त गायकवाड काका. ते नगरचे, ख्रिस्ती; नाताळला घरी जायचे आणि नवं वर्ष लागलं की परतायचे. त्यांच्या ट्रंकेत वर नाताळच्या करंज्या आणि तळाशी, शर्टांच्या घडीत, नवा भाग. उंच, हाडकुळे, मोठ्या आवाजाचे काका जिना चढतानाच ओरडायचे, "आ गया भाई, यान आ गया!" आणि आम्ही पोरं त्यांच्या अंगावर तुटून पडायचो.

एका पुस्तकाला चार-पाच घरं कशी पुरणार? बाबांनी यावर सरकारी उपाय काढला होता. जुनी पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून बांधलेली असत; अशा एका जुडीला फर्मा म्हणतात. बाबा दाढीच्या पात्याने पुस्तकाची शिवण उसवायचे, फर्मे सुटे करायचे आणि प्रत्येकाला फाइलीचा टॅग बांधून घरोघरी वाटून टाकायचे. दोन दिवस झाले की फर्मे बदलायचे. एकच कायदा होता, पुढचं कुणाला सांगायचं नाही. ज्याच्या वाट्याला जो फर्मा येईल तो त्याने आधी वाचायचा, त्यामुळे मी कित्येक माणसांना आधी मरताना पाहिलं आणि आठवड्याभराने ती यानावर नोकरीला लागली. माझा मुलगा याला हसतो. पण गोष्ट तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट हाती येते आणि मधलं आपलं आपण जुळवून घ्यायचं असतं, हे मला तेव्हापासून अंगवळणी पडलं आहे. सगळ्यांचं वाचून झालं की आई गोधडीच्या दोऱ्याने फर्मे पुन्हा शिवायची. असे शिवलेले आठ भाग अजून बाबांच्या कपाटात आहेत. त्यातला चौथा इतरांपेक्षा जरा बारीक आहे.

चौथा भाग आला त्या वर्षी काका नाताळहून एकटेच परतले. शांता काकूंचं दुखणं लांबलं होतं, दिल्लीची थंडी त्यांना झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून त्यांना माहेरी ठेवून आले होते. येताना ते बिनमफलरचे आले. ऐन जानेवारीत, धुक्यात, उघड्या गळ्याने. आई त्यांना पुष्कळ बोलली. "भावजी, गाडीत विसरलात ना? तुम्हाला पोरांसारखं गळ्यात दोरीने बांधून द्यायला हवं." काका नुसते हसले. आईने आठ दिवसांत त्यांना नवा विणून दिला, आमसुली रंगाचा, आणि तो त्यांनी पुढे मरेपर्यंत वापरला.

चौथ्या भागाचा सहावा फर्मा आधी काकांकडे गेला होता. रविवारी ते तो गच्चीवर घेऊन आले, मला द्यायला. चटईवर शेंगांच्या पुड्याशेजारी ठेवला. आमच्याकडे माकडं फार, आणि त्यांना शेंगांचं वेड. एक थोराड माकड कठड्यावरून आलं आणि घाईत पुड्याऐवजी फर्माच उचलून घेऊन गेलं. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून त्याने तो चाळला, एक पान चाखून पाहिलं, मग सगळा फाडून खाली सोडून दिला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, आमच्याकडे थेट साहित्य गेलं, असं बाबा म्हणाले आणि सगळे हसले. मी सोडून. पाचव्या फर्म्याच्या शेवटी नलिनी तळावर होती आणि सातवा सुरू होतो तेव्हा यान दूर निघून गेलेलं असतं आणि ती यानावर नसते. हे दोन्ही माझे वाचून झाले होते. मधे काय झालं ते कळल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. मी रडायलाच लागले.

तेव्हा काका म्हणाले, "अरे यार, रडतेस काय? मी वाचलाय ना. मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. मोठ्या आवाजाचे काका त्या दिवशी इतके हळू बोलत होते की लोकर घेऊन बसलेल्या काकवाही, मराठी न कळता, ऐकत राहिल्या. कप्तान सबनीस तळावर जातात. सगळं आवरून झालेलं असतं, यानाची इंजिनं सुरू झालेली असतात. नलिनी एका आजाऱ्यापाशी बसलेली असते, वर बघत नाही. सबनीस तिच्यामागे जाऊन उभे राहतात. ते गळ्यातला मफलर काढतात आणि तिच्या खांद्यांवर टाकतात. मी मधेच विचारलं, अवकाशात मफलर? काका म्हणाले, बर्फाचा उपग्रह आहे तो, थंडी असणारच. मग सबनीस म्हणतात, "हा हिवाळा संपायच्या आत मी तुला न्यायला येतो." आणि नलिनी म्हणते, "या. मी आहे."

एवढंच. मला ते पाठ आहे. आम्हा सगळ्यांनाच होतं.

शांता काकू फेब्रुवारीच्या अखेरीस गेल्या. बजेटचे दिवस होते, काकांच्या खात्यात कुणालाच रजा मिळत नव्हती. तार आली तेव्हा ते निघाले, आणि पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ते ऑफिसला गेले. आई त्यांना रोज रात्रीचा डबा पाठवायची, तो धुऊन परत यायचा. पुढच्या वर्षी ते पुन्हा नाताळला गेले आणि पाचवा भाग घेऊन आले. जिन्यात ओरडले नाहीत. पुस्तक बाबांच्या हातात ठेवून म्हणाले, "मी वाचलेलं नाही. तुम्हीच बघून सांगा, गेले का तिला आणायला."

नव्हते गेले. सहाव्या भागात नाही, सातव्यात नाही, आठव्यातही नाही. प्रत्येक वेळी काका हेच विचारायचे आणि आम्ही नाही म्हटलं की म्हणायचे, "जातील. शब्द दिलाय सबनिसांनी." निवृत्तीनंतर बाबांनी आणि त्यांनी द्वारकेच्या एकाच सोसायटीत घरं घेतली. खालच्या बागेतल्या बाकावर दोघं म्हातारे कानटोप्या घालून बसायचे, पेन्शन आणि गुडघे यांवर बोलायचे, आणि थंडी पडली की हमखास पुनर्वसूवर यायचे. लेखक जिवंत आहे का, लिहितोय का, मला फोन करून विचारायचे. करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. बाबा तेव्हापासून त्या बाकाच्या एका टोकालाच बसतात.

म्हणून नववा भाग आला तेव्हा मी वेड्यासारखी वागले. जुन्या आठ भागांच्या नव्या आवृत्तीसह सगळा संचच मागवला. खोका फोडून नवव्याचा वास घेतला, आणि चाळिशी ओलांडलेली बाई मी, ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा न उघडताच पहिलं पान उघडून बसले.

काय सांगू? वाईट पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, त्यांचं काही वाटत नाही. पण आपल्या घरचं माणूस भर मांडवात असंबद्ध बोलायला लागावं तसं झालं. सबनीस आता भाषणं देतात. यान वळतं ते का वळतं, लेखकालाच ठाऊक नाही. आणि दुसऱ्या प्रकरणात, जेवणाच्या मेजावर, डॉक्टर नलिनी बसलेली आहे. कोशिंबीर वाढून घेते आहे. ती कुठून आली, कोणी आणली, केव्हा आणली, एक अक्षर नाही. आपण तिला बर्फात सोडून आलो होतो हे लेखक विसरला होता. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आल्यावर सहकाऱ्याने विचारलं, सब ठीक? मी म्हटलं, हां, बस ऐसे ही. काय सांगणार होते त्याला?

मालिकेच्या वाचकांचा ऑनलाइन एक ग्रुप आहे. तिथे तर शिमगाच चालला होता. कुणाला गुरुत्वाकर्षणाचा घोळ सापडला होता, कुणाला सबनिसांचं वय जमत नव्हतं. मीही हात धुऊन घेतले. लिहिलं, की ज्या लेखकाला आपल्या नायकाने दिलेला शब्द आठवत नाही त्याने लेखणी खाली ठेवावी. हिवाळा संपायच्या आत न्यायला येतो, असं वचन दिलं होतं सबनिसांनी. एवढ्या वाचकांनी त्या एका वाक्यावर जन्म काढला. साताऱ्याच्या कुणी बाईंनी खाली अगदी नम्रपणे विचारलं, ताई, हे कुठे आहे? मला आठवत नाही. पान सांगाल का?

मी तावातावाने चौथ्या भागाची नवी प्रत काढली. जिथे आमचा पाचवा फर्मा संपायचा ती जागा सापडली, आणि त्यापुढची पानं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली. इंजिनाची एक झडप बिघडलेली असते. सबनीस ती बदलतात. पानंच्या पानं झडप चालली आहे. मग एका परिच्छेदाच्या शेवटी अर्धी ओळ, की डॉक्टर नलिनी तळावरच राहिल्या. आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा झडप. सबनीस तिला भेटायला जात नाहीत. काही बोलत नाहीत. मी सगळे भाग चाळले. कुठल्याच भागात, कुणीही, कुणालाही, न्यायला येतो असं म्हटलेलं नाही.

मी ग्रुपवरचं माझं लिहिणं पुसून टाकलं. लेखकाला मी उगाच शिव्या घातल्या होत्या. विसरभोळा तो होताच, पण शब्द मोडणारा नव्हता. त्याने शब्द दिलाच नव्हता. आणि काकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही दर हिवाळ्यात ते विचारत राहिले, की गेले का तिला आणायला.

परवा हे सगळं पोटात घेऊन मी बाबांकडे गेले होते. दुपारी कसंबसं ऊन पडलं. खरंखुरं, सावली पाडणारं. बाबा म्हणाले, चल, खाली बसू. मी शेंगा घेतल्या, त्यांना कानटोपी घातली, आणि त्या बाकावर बसल्यावर एकदाचं सगळं सांगून टाकलं. नलिनी कोशिंबीर वाढून घेते तेही, आणि झडपेचंही.

बाबांनी पुड्यातून एक शेंग उचलली.

"मफलरही नाही?" त्यांनी विचारलं.

"मफलरही नाही, बाबा."

"त्या वर्षी गायकवाड बिनमफलरचा आला होता," बाबा म्हणाले.

समोर मुलं सायकली चालवत होती. कुणीतरी बागेतल्या माळ्याला ओरडत होतं. मला काकांचा तो उघडा गळा दिसला, आणि आईचं बोलणं, आणि त्यांचं हसणं. नगरच्या कुठल्याशा घरात काकूंच्या खांद्यांवर तो मफलर असेल, शेवटपर्यंत असेल. मला रडू आवरेना. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

मी म्हटलं, नव्या आवृत्तीतून ती पानं काढून आपल्या जुन्या चौथ्या भागात शिवून टाकू का? निदान पुस्तक तरी पुरं होईल. बाबा नाही म्हणाले. ती जागा गायकवाडची आहे, राहू दे.

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण ती यानावर आहे ना आता? नक्की?"

"आहे. दुसऱ्या प्रकरणापासून शेवटपर्यंत आहे."

"मग झालं तर. कोणीतरी जाऊन आणलं असणार तिला. मधला फर्मा आपल्यापर्यंत पोचला नाही, बस."

"असा फर्मा नाहीये, बाबा."

"तेव्हा तरी कुठे होता?" बाबा म्हणाले. त्यांनी शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं. "तुझ्या घरी आला होता असं समज. तू वाचलायस. सांग."

ऊन उतरायला अजून थोडा वेळ होता. बाकाची दुसरी बाजू मोकळी होती. मी नाक पुसलं, घसा साफ केला आणि हळू आवाजात सुरुवात केली. तळावर त्या दिवशी खूप बर्फ पडत होतं, मी सांगितलं, पण हिवाळा अजून संपलेला नव्हता. यान उतरलं. कप्तान एकटेच खाली आले, आणि त्यांच्या गळ्यात मफलर नव्हता.